पाट आला

बकुळीच्या अंगावर लाल फुली मारली ती नीलिमाच्या सख्ख्या आत्यानं, आणि तीही नीलिमाच्या डोळ्यांदेखत.

कलावती आत्यानं डब्यात ब्रश बुचकळला, एक तिरपी रेघ ओढली, मग तिच्यावरून दुसरी. रंग खाली ओघळला तो तिनं चिंधीनं टिपून घेतला, डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि बाजारहाट आटोपून निघावं तशी ती गाडीकडे निघाली. नीलिमा जागची हलली नाही. तिला वाटलं, झाड आता काहीतरी बोलेल. झाड बोललं नाही. त्याचा स्वभावच नव्हता तो.

ही बकुळ म्हणजे काय चीज होती, ते आधी सांगायला हवं. रायपूरच्या गोल बाजारामागच्या गल्ल्यांची गुंतवळ ओलांडून गेलं की एक उंच बांध लागतो. बांधाच्या अलीकडे तळं, पलीकडे उतारावर सुभेदारी बाग. भोसल्यांच्या अमलात नागपूरहून आलेल्या कुणा सुभेदारानं आधी तळं खोदलं आणि मग बाग लावली. सुभेदार गेला, अंमल गेला, त्याचं नावसुद्धा कुणाला धड आठवेना, पण त्यानं लावलेले आंबे, जांभळी, कवठ, चिंचा उभ्याच राहिल्या. बागेच्या अगदी तळच्या टोकाला, शाळेकडच्या फाटकाला लागून, बकुळ. हिंदीवाले तिला मौलश्री म्हणत. वर्गातल्या मुलींनी हातात हात धरले तरी तिच्या बुंध्याला वेढा पुरा पडत नसे. भर दुपारी तिच्या सावलीत शिरलं की क्षणभर डोळ्यांना काही दिसायचंच नाही, इतकी ती दाट. सकाळी खाली नखाएवढ्या चांदण्यांचा सडा. ती फुलं सुकली तरी वास सोडत नाहीत. नीलिमाच्या नववीच्या भूगोलात ठेवलेली फुलं अकरावीत येईपर्यंत घमघमत होती, भूगोल मात्र केव्हाच उडून गेला होता.

आणि नीलिमाचं या झाडाशी नातं असं, की ती बोलायला शिकली ती त्याच्याखाली. म्हणजे तसं बोलायची ती घरी, पण वर्गात उभं केलं की घशात चिंचोका अडकायचा. मग ती शाळा सुटल्यावर बकुळीखाली उभी राहून भाषण म्हणायची. सुरुवातीला पुटपुटत, मग जरा मोठ्यानं, मग इतक्या मोठ्यानं की फाटकावरचा चणेवाला टाळ्या वाजवायचा. झाडाचा एक मोठा गुण असतो, ते मध्येच टोकत नाही. आता तर ती दर रविवारी बाग बघायला येणाऱ्यांना हिंडवून आणायची, घसा खणखणीत, हात वारं कापत. रेल्वेत असलेले तिचे बाबा, धर्मपाल, म्हणत, "आधी ही पोट्टी बोलत नव्हती म्हणून डॉक्टर शोधून राहिलो होतो. आता थांबत नाही म्हणून शोधा लागते."

अशा झाडावर फुली.

"काहून मारली?" गाडीत बसल्या बसल्या नीलिमानं विचारलं.

कलावती आत्या उद्यान खात्यात होती. नव्या रायपूरच्या रुंद रस्त्यांकडेची रोपं तिच्या हाताखाली वाढलेली, आणि शहरातल्या जुन्या बागाही तिच्याच गळ्यात. तिनं काच वर केली.

"ते फाटकावर झुकून आहे म्हणून. रोज शाळेची लेकरं जातात खालून. मागच्या वादळात कडुनिंब पडला, पाहिला न तू?"

"तो आतून पोखरला होता. बकुळ जिती आहे."

"जिती आहे, मले माहीत आहे. साल खरवडून पाहिली मी. आत हिरवं आहे." आत्यानं नखात अडकलेला लाल रंग खरवडला. "पण पाणी मुळाले पोहोचूनच नाही राहिलं, नीलू. टँकरचं पाणी म्हणजे तव्यावरचा शिंतोडा. वरच्या वर उडून जाते. पाऊस यायच्या आधी खालची मुळं भिजली तर झाड तरेल. नाही भिजली तर जूनच्या वावटळीत जाईल, अन् एकटी नाही जाणार ती."

"मंग भिजव न."

"कशानं? माह्या डोळ्यातल्या पाण्यानं?"

तळ्यात पाणी होतं, पण बांधाच्या पलीकडे, आणि ते बकुळीपर्यंत आणायची सोय नव्हती. रायपुरात पारा म्हणजे वस्ती, पण उन्हाळा आला की पारा म्हटल्यावर सगळे आभाळाकडेच बघतात. गेले काही उन्हाळे तर पिसाळल्यासारखेच आले होते. होळी विझते न विझते तोच भाजणाऱ्या वाऱ्याची लू सुरू, आणि ती जूनपर्यंत हलायचं नाव घेत नव्हती. मग भाद्रपदात आभाळ असं फाटायचं की अख्खी बाग आठवडा आठवडा पाण्यात उभी. आधी तहानेनं घशाला कोरड, मग नाकातोंडात पाणी. इतकी वर्षं ऊन-पाऊस खाल्लेली झाडं या नव्या ऋतूंसमोर गोंधळून गेली होती.

"सोमवारी कापणारे येतील," आत्या म्हणाली. आणि रेडिओ लावला. आत्या रेडिओ लावायची ती रडू येत असलं की.

सोमवारच्या आदल्या दिवशी अक्ती होती. मराठी मुलखात अक्षय्य तृतीया, छत्तीसगडात अक्ती, आणि सुभेदारी बागेत मात्र त्या दिवसाला तिसरंच नाव होतं: पाटाची मिरवणूक.

ही मिरवणूक एकाच घराची. अच्युतकाकाजींचे पूर्वज सुभेदाराबरोबर नागपूरहून आलेले, आणि त्या घरात एक शिसवी पाट होता, कडांना पितळी फुलं ठोकलेला. त्यावर वर्षभर कुणी बसत नसे. मांजर बसलं तरी काकाजी त्याला अहो-जाहो करून उठवत. अक्तीच्या सकाळी तो पाट तळ्याच्या पायऱ्यांवरून निघायचा आणि बागेतून बकुळीपाशी पोहोचायचा. तिथं तो जमिनीवर ठेवून त्यावरून तांब्याभर पाणी सोडायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं, "पाट आला." मग घरी येऊन श्रीखंड. का, कशासाठी, हे काकाजींनाही ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे देवीचं आसन, कुणी म्हणे सुभेदाराच्या आईचा पाट. श्रीखंडाबद्दल मात्र मतभेद नव्हते.

यंदा पाट न्यायचा होता काकाजींच्या नातीनं, गंधालीनं. गंधाली नीलिमाच्याच वर्गातली. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर निघायचं हिंदीतच. नीलिमा मोबाइलवर चित्रण करायला आली होती. उद्या झाड गेलं तर निदान एवढं तरी उरेल, या विचारानं तिनं काकाजींच्या टोपीपासून चित्रण सुरू केलं.

मिरवणूक निघाली. पाट गंधालीच्या डोक्यावर. आंब्यापर्यंत डोक्यावर, आंब्यानंतर खांद्यावर, जांभळीनंतर कमरेवर, असा तो पायरीपायरीनं खाली यायचा. एकदा खाली घेतला की पुन्हा वर करायचा नाही. घाम आला, हात भरून आले, मुंगी चावली, तरी नाही.

"दादाजी, सीधे चलते हैं न," गंधाली म्हणाली. "सामने तो दिख रही है मौलश्री."

"पाट सरळ जात नसतो," काकाजी म्हणाले.

"क्यों नहीं जाता?"

"तुझ्या पणजीनं नाही विचारलं कधी."

"परदादी के टाइम इतनी गरमी नहीं थी न."

पण ती वळली. मिरवणूक आंब्यापाशी गेली, आंब्याला पुरता वेढा घातला आणि थांबली. "दम खाऊ द्या," काकाजी म्हणाले. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं नव्हतं. मग पुढे कवठाकडे, तिथून उलट जांभळीकडे, पुन्हा वेढा, पुन्हा थांबणं. मध्येच मुलांची घसरगुंडी आली. ती नंतर कधीतरी मिरवणुकीच्या वाटेवरच बसवलेली. वाट सोडायची नाही म्हणून काकाजी, या वयात, धोतर सावरत घसरगुंडीखालून वाकून गेले. मागोमाग सगळं घर गेलं.

"हर साल कमर पकड़ लेते हैं," गंधाली कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "और हर साल मूव मैं लगाती हूँ."

असे हसत खिदळत ते बकुळीपाशी आले आणि एकदम थबकले. फुली ताजी होती. पानं एवढी गळाली होती की आभाळ दिसत होतं, आणि बकुळीतून आभाळ दिसणं ही काही बरी गोष्ट नव्हती. काकाजींनी खोडावर तळहात ठेवला. मग नीलिमाकडे न बघता म्हणाले, "तुझ्या आत्याला विचारून ठेव, पोरी. पुढच्या वर्षी आम्ही हा पाट कुठं न्यायचा?"

गंधालीनं पाट जमिनीवर टेकवला. काकाजींनी त्यावरून पाणी सोडलं. भेगाळलेल्या मातीनं ते गटकन पिऊन टाकलं. आणि सगळे म्हणाले, दरवर्षीसारखंच, जरा ओढून, "पाट आला."

पाट आला.

नीलिमानं मोबाइल खाली केला. हे शब्द तिनं दुसरीकडेही ऐकले होते. इथं नाही, वरुडकडच्या मामाच्या वावरात. संत्र्याच्या बागेला पाणी सोडायचं असलं की मामा विहिरीपाशी उभा राहून पार त्या टोकाला हाळी द्यायचा, "पाट आला काय वं?" आणि झाडांच्या रांगांपलीकडून, दिसत नसलेली मामी उत्तर द्यायची, "आला." मग ओलसर मातीचा वास यायचा आणि सारणीतून पाणी चमचमत, वाटेतलं पान-काडी पुढे ढकलत, येताना दिसायचं.

तिनं मोबाइल उलटा फिरवून चित्रण पहिल्यापासून लावलं. तळ्याशी पाट डोक्यावर. मग खांद्यावर. मग कमरेवर. खाली, आणखी खाली, कधीच वर नाही. वाकडातिकडा, पण उताराच्या कलानं. झाडाला वेढा. थांबणं. दम खाणं. मग पुढे.

पाणी जसं जातं तसं.

"काकाजी," ती म्हणाली. "हा पाट बसायचा नाही."

"त्यावर कोणी बसतच नाही. मांजर सोडून."

"तसं नाही. वावरातला पाट. पाण्याचा. हे तळ्यातून पाणी इथपर्यंत आणायचं, झाडाझाडाले पाजत. तुम्ही ज्या वाटेनं आले न, ती पाण्याची वाट आहे."

काकाजींच्या भुवया वर गेल्या.

"म्हणजे माझ्या खापरपणजोबापासून आम्ही सगळे फर्निचर मिरवून राहिलो, असं म्हणणं आहे तुझं?"

"नाही. तुम्ही नकाशा मिरवून राहिले. फर्निचर नुसतं वरून आहे."

काकाजी रागावणार असं सगळ्यांना वाटलं. पण ते वळले आणि आल्या वाटेकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. आंबा, कवठ, जांभूळ. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून गंधालीनं हळूच त्यांचा हात धरला. जन्मभर ज्या रस्त्यानं डोळे मिटून चाललो, तो रस्ता आपल्याशी बोलत होता, हे एखाद्याला त्या वयात कळलं तर त्याचा चेहरा जसा होईल, तसा तो झाला होता.

कलावती आत्या आली ती कपाळाला आठ्या घालून, आणि बरोबर बिसाहू, तिच्या कामगारांचा मुकादम. "अक्तीच्या दिवशी बोलावलं न," ती नीलिमाला म्हणाली, "काही निघालं नाही तर तुलेच गाडते इथं."

बिसाहूनं पहार उचलली आणि चित्रणात जिथं पाट थांबला होता तिथं, जांभळीच्या जरा वरच्या अंगाला, घातली. भसकन आत गेली. वीतभर बाजूला घातली, पुन्हा भसकन. आणखी बाजूला, ठण्ण. दगड. दुसऱ्या अंगाला तेवढ्याच अंतरावर पुन्हा ठण्ण. मधला भाग मात्र भुसभुशीत. ते घसरगुंडीपाशी गेले. तिथंही तेच, कड, पोकळ, कड. कवठापाशी, आंब्यापाशी, तेच. गाणं म्हणावं तशी पहार बोलत चालली होती आणि तिच्यामागून सगळे पाय न वाजवता चालत होते, देवळात चालतात तसे.

बिसाहूनं एका जागी माती उकरली. खाली फुटकी कौलं, विटांचे तुकडे, चुना. तो पुढ्यात बसून म्हणाला, "एला तो कोनो पाट दे हे, मैडम."

"काय म्हणाला?" काकाजींनी कान पुढे केला.

"कुणीतरी पाटलंय म्हणतोय," नीलिमा म्हणाली. "बुजवलंय."

काकाजी हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता पुन्हा हसले. "अरे, हे काम आमच्याच कुण्या शहाण्याचं. बाहेरच्या मजुराला बोट दाखवून म्हणाला असेल, इकडे पाट, तिकडे पाट. अन् त्यानं इमानदारीनं सगळं पाटलं. पाटालाच पाटलं."

"वही तो," गंधाली म्हणाली. "हिंदी में पाटो मतलब भर दो. मराठीवाले बोलते कुछ हैं, होता कुछ है."

असंच झालं होतं का, ते कुणाला कळणार. पण रायपूरच्या मराठी माणसांना ते अगदी आपलं वाटलं, आणि कुणी त्यावर शंका घेतली नाही.

आत्या हसली नाही. ती खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली होती. विटेवरची माती तिनं अंगठ्यानं पुसली, मग बकुळीकडे पाहिलं, मग फुलीकडे. सगळ्यांनाच समजत होतं ती काय तोलून बघतेय. पाट मोकळा करायला वेळ लागणार, आणि त्या मधल्या दिवसांत एखादी वावटळ आली तर. ती उठली, बाजूला जाऊन फोन लावला.

"उद्या नका येऊ," ती म्हणाली. पलीकडून कुणीतरी बरंच बोललं. "हो. माझ्या नावावर. हो, लिहून देते."

त्याच दिवशी तिनं शाळेकडचं फाटक बंद करून मोठं कुलूप ठोकलं, बकुळीला दोर आणि टेकू लावले, आणि शाळेच्या मोठ्या बाईंना स्वतः जाऊन सांगितलं की लेकरांना दुसऱ्या दारानं न्या. त्या रात्रीपासून वारा सुटला की आत्या उठून खिडकीशी जायची, हे नीलिमाला बाबांकडून कळलं.

मग उजाडता उजाडता काम सुरू व्हायचं आणि ऊन डोक्यावर आलं की थांबायचं. बिसाहूची माणसं होती, वर्गातल्या मुली होत्या, चणेवाला होता, काकाजींचं अख्खं घर होतं. काकाजींना कुणी खणू देत नव्हतं, म्हणून ते बसून सगळ्यांना चुका दाखवत. जसजशी माती निघत गेली तसतशी बडबड कमी होत गेली. नीलिमाचीसुद्धा. कारण खाली जे निघत होतं ते बघून बोलावंसंच वाटेना. विटा आणि चुन्यात बांधलेली सारणी, इतकी गुळगुळीत की तळहात घसरावा. प्रत्येक जुन्या झाडाभोवती गोल आळं, आणि आळ्याच्या काठाला बरोबर एका उंचीवर कोरलेला दगडी ओठ. आळं भरलं की त्या ओठावरून पाणी पुढच्या वाटेला लागणार, त्याआधी नाही. झाडानं आधी प्यायचं, मगच पाटानं पुढे जायचं. दम खाऊ द्या, तो याला.

आत्यानं पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून उतार मोजला. दोनदा मोजला. मग नीलिमाला नळी धरायला लावून तिसऱ्यांदा मोजला.

"काय झालं?"

"उतार आहे," आत्या म्हणाली. "पण डोळ्याले दिसत नाही एवढा. जास्त असता तर पाण्यानं माती खाल्ली असती. कमी असता तर पाणी झोपलं असतं." ती नळीकडे बघतच राहिली. "मशीन नाही, काही नाही. कशानं काढला असेल ग यांनी?"

बकुळीपाशी सारणी संपत नव्हती. आळ्यापलीकडून ती भिंतीखालच्या मोरीतून थेट नाल्याला गेली होती. म्हणजे उन्हाळ्यात पाजायचं आणि अतोनात पाऊस झाला की बागेतलं साचलेलं बाहेर न्यायचं, दोन्ही कामं एकाच पाटाची. कधीकाळी कुणीतरी इथं उभं राहून दोन्ही टोकांचा विचार केला होता, तहानेचाही आणि बुडण्याचाही. नीलिमाला एकाएकी वाटलं की आपण एखाद्या फार मोठ्या माणसाच्या तळहाताच्या रेषेत उभ्या आहोत.

तळ्याच्या पायरीखाली दगडी बूच सापडलं, ते नेमकं तिथं, जिथं दरवर्षी पाट पहिल्यांदा डोक्यावर घेत. बिसाहूनं ते हलवलं ती सकाळ वाऱ्याची होती. बकुळ करकरत होती, आत्याचा एक डोळा तिच्यावर.

बूच निघालं. आधी काहीच नाही. मग आत कुठेतरी गुळगुळ झालं, जसं कुणी फार दिवसांनी घसा साफ करतं, आणि पाणी आलं.

त्याला घाई नव्हती. माणूस म्हातारा झाला की चालतो तसं, पुढचं पाऊल चाचपत, ते आलं. त्याच्या तोंडाशी सुकलेली पानं, काड्या, फेस, आणि एक बेडकाचं पिल्लू, कुठून आलं देव जाणे. आंब्याशी पोहोचलं, आळ्यात शिरलं आणि थांबलं. सगळी माणसं त्याच्याबरोबर थांबली. आळं फिरून भरत गेलं, माती बुडबुडे सोडत प्यायली, आणखी प्यायली. काठाशी आलं, ओठाशी आलं, आणि ओठावरून अलगद पुढे. मग वळलं. ज्या वळणाला गंधाली दरवर्षी कुरकुरायची, बरोबर त्याच वळणाला. कवठ. जांभूळ. घसरगुंडी हलवली होती, तरी काकाजी तिथं सवयीनं वाकले, आणि कुणी हसलं नाही. ते पाण्याच्या कडेकडेनं चालत होते, छातीशी शिसवी पाट धरून, आणि पाणी जसं खाली जाईल तसा त्यांचा हात खाली येत होता. गंधाली चप्पल काढून मागे चालत होती. हिंदीतसुद्धा काही बोलत नव्हती.

बकुळीचं आळं सगळ्यांत मोठं. पाणी त्यात उतरलं आणि दिसेनासं झालं. भेगांनी ते पार गिळून टाकलं. आणखी आलं, तेही गिळलं. आत्यानं ओठ दातांत धरले. मग फार वेळानं, खोलवर कुठेतरी भरत भरत वर आल्यासारखं, मातीवर ओलं चमकलं, आणि बुंध्याभोवती पाण्याची एक बारीक कडी पुरी झाली. त्या कडीत बकुळ उलटी दिसत होती, उरल्यासुरल्या पानांसकट, लाल फुलीसकट.

आता कुणीतरी म्हणायला हवं होतं. सगळे काकाजींकडे बघत होते. मान त्यांच्या घराचा. काकाजींनी पाट जमिनीवर टेकवला आणि नीलिमाकडे मान वळवली.

"तू म्हण."

आणि काय सांगावं, रविवारी अख्खी बाग दणाणून सोडणाऱ्या त्या पोरीचा आवाजच फुटेना. घशात तोच जुना चिंचोका. पण या वेळी त्याची तिला लाज वाटली नाही. तिनं बकुळीच्या खोडाला हात लावला. बकुळीनं आजही टोकलं नाही. वाटलं तेवढा वेळ तिनं घेतला, आणि मग वरुडच्या मामीनं रांगांपलीकडून दिलं असतं तसं, साधं, उत्तर देतात तसं ती म्हणाली,

"आला."

पुढे जूनमध्ये एक वावटळ येऊन गेली, एक दोर तुटला, झाड राहिलं. आषाढात एके दिवशी असा पाऊस कोसळला की गोल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानांतून पातेली तरंगत बाहेर आली. सुभेदारी बागेत मात्र संध्याकाळपर्यंत चिखलात पाऊल उमटत होतं, एवढंच. नाल्याच्या मोरीवर पाट घुमत होता. आणि बकुळीच्या टोकाच्या फांद्यांवर पानं फुटली होती, तांबूस, ओलसर, नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या कानासारखी. आत्यानं फाटकाचं कुलूप काढलं, पण दोर काढले नाहीत. म्हणाली, "अजून दोन उन्हाळे पाहू दे."

फुली गेली नाही. आत्यानं रंग चांगला टिकाऊ आणला होता. रविवारी लोक आले की बोट दाखवून विचारतात, ये लाल निशान कैसा. नीलिमा सांगते, सगळं सांगते, हात वारं कापत, आंब्यापासून सांगत सांगत त्यांना वाकड्या वाटेनं घेऊन येते. फक्त बकुळीपाशी आली की ती थांबते, बोट ओठांवर ठेवते, आणि सगळ्यांना पाटाच्या काठाशी बसायला लावते.

"आधी दम खाऊ द्या त्याला," ती म्हणते. "ऐका."